हार्डनेस बरोबर आला, मग प्लेट नॉर्मलाइझ धरायची का?

प्रश्न : गोकुळ शिरगावला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. प्रेशर व्हेसलसाठी (आत दाब असणारी टाकी) ५० एमएमची एसए-५१६ ग्रेड ७० ही पोलादी प्लेट व्यापाऱ्याकडून घेतली. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर नॉर्मलाइझ्ड (म्हणजे भट्टीत तापवून हवेत गार केलेली) लिहिलंय, पण इन्स्पेक्टर पुरावा मागतोय. हार्डनेस (कडकपणा) घेतला, १६० बीएचएन, म्हणजे ब्रिनेल आकडा, आला. चालेल का?

उत्तर : नाही चालणार, आणि इन्स्पेक्टरचं बरोबर आहे. या ग्रेडची टेन्साइल (ओढ सहन करायची ताकद) ४८५ ते ६२० एमपीए, हार्डनेस या ताकदीबरोबरच चालतो, त्यात नुसती रोल केलेली प्लेटपण बसते आणि नॉर्मलाइझ केलेलीपण, म्हणजे १६० आकडा दोन्हीकडं येऊ शकतो. खरा फरक टफनेसचा, म्हणजे न तडकता धक्का सोसायचा, तो हार्डनेस मशीनला कळत नाही. ४० एमएमच्या वर नॉर्मलाइझिंग सक्तीचं आहे ते उगाच नाही, जाड प्लेट रोलिंगनंतर सावकाश गार होते, पोलादाचा दाणा (आतले बारीक स्फटिक) जाड राहतो आणि अशी प्लेट कमी तापमानाला तडकायची भीती असते.

झेरॉक्स ठेवा बाजूला, मिलचं मूळ सर्टिफिकेट मागवा, आणि वायर ब्रश मारून प्लेटवरचा पंच (ठोकलेली अक्षरं) वाचा. हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा नंबर), प्लेट नंबर कागदाशी जुळले पाहिजेत, आणि ग्रेडनंतर 'एमटी' असेल तर प्लेटची ट्रीटमेंट आधीच झालीय. नुसतं 'जी' असेल तर सावध व्हा! तिथं मिल फक्त टेस्टचा तुकडा नॉर्मलाइझ करून रिझल्ट देते, प्लेट तशीच कच्ची येते, आणि सर्टिफिकेट घाईत वाचलं की सगळी प्लेटच नॉर्मलाइझ वाटते. मग प्लेट नॉर्मलाइझ करायचं काम तुमचं, आणि केल्यावर 'जी'च्या पुढं 'टी' पंच करायचा.

पंच पुसट असेल किंवा शंका असेल तर ऑफकटचा (कापून उरलेला) तुकडा लॅबला द्या, फौंड्रीच्या कास्टिंगमुळं कोल्हापुरात मायक्रोस्कोपवाल्या लॅब आहेतच. वरचा डीकार्ब (कार्बन कमी झालेला) थर काढून पॉलिश, नायटल ॲसिडनं एचिंग, आणि दाणा बघायचा: नॉर्मलाइझ असेल तर फेराइट-पर्लाइटचा (पोलादाचे दोन घटक) बारीक, एकसारखा दाणा. या घटकांच्या नुसत्या पट्ट्या दिसतात त्यावरून ठरवू नका, त्या नॉर्मलाइझ प्लेटमध्येपण राहतात. पण हा पुरावा जोडीचा, कागद आणि पंचाची जागा तो घेत नाही.

कागद जुळलाच नाही तर प्लेट परत करा, तेच स्वस्त पडतं. 'जी' निघाली तर ९०० अंशाच्या आसपास भट्टीत नॉर्मलाइझ करा, भट्टीचा चार्ट फाइलला लावा. आणि कटिंगच्या आधी पंच प्रत्येक तुकड्यावर ट्रान्सफर करून घ्या, नंतर कुठला तुकडा कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.