जुन्या वॉशिंग मशीन आणि ड्रायरमध्ये सर्वांत देखणं कोणतं?

माझ्या मते बेंडिक्स. १९३७ साली अमेरिकेत आलेलं हे घरगुती ऑटोमॅटिक मशीन. त्याआधी घरोघरी उघडी टाकी आणि वर कपडे पिळायचे रूळ असत. बेंडिक्सने सगळं एका पेटीत बंद केलं आणि पुढे जहाजाच्या खिडकीसारखी गोल काच बसवली. फेस उसळताना बघत राहावं! फक्त पिळताना ते इतकं हादरायचं की बोल्टने जमिनीला जखडावं लागे.

ड्रायरमध्ये हॅमिल्टन. विस्कॉन्सिनची ही कंपनी मूळची छापखान्यांचे लाकडी टाइप, म्हणजे अक्षरांचे ठसे, बनवणारी. डिझायनर ब्रूक्स स्टीव्हन्स यांनी सुचवलं: दाराला काच लावा आणि दुकानात आत रंगीबेरंगी चड्ड्या फिरत ठेवा. किती साधी, किती हुशार कल्पना!

रंगच हवा असेल तर १९५० च्या दशकातली फ्रिजिडेअरची गुलाबी जोडी बघा. तेव्हा हा ब्रँड जनरल मोटर्सचा होता, आणि त्यावरचं क्रोम मोटारींच्या डॅशबोर्डची आठवण करून देतं.

असं अमेरिकन वॉशर भारतात चालवायचं असेल तर ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळेल, पण ६० हर्ट्झ वारंवारतेच्या विजेसाठी बनवलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरेल.