थोरल्याचं गाणं आणि धाकट्याची वही

नमस्कार ताई,

सांगलीहून पाठवलेलं तुमचं पत्र आणि सोबतच्या कराराची प्रत मिळाली. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचा थोरला 17 वर्षांचा, बारावी सायन्सला. गिटार वाजवतो, गातो, स्वतः मराठी गाणी लिहून चाली लावतो. ड्रम्स आणि बेस वाजवणारे दोन मित्र मिळून त्यांचा रॉक बँड झालाय. धाकटा 16 चा, अकरावी कॉमर्सला. त्याला एकही वाद्य येत नाही, पण 'ड्रेक अँड जॉश' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका बघून त्यानं स्वतःला बँडचा मॅनेजर नेमलं आणि व्हिजिटिंग कार्डंही छापून घेतली. मुलांचे वडील म्हणतात, शेजारच्या मिरजेत सतार-तंबोरे घडतात आणि आमच्या पोरांना गिटारच सुचावी! आता मुंबईच्या एका कंपनीनं पाच गाण्यांसाठी नऊ पानी इंग्रजी करार पाठवलाय आणि आठवड्याभरात तुमची सही मागितली आहे. थोरला म्हणतोय, सही झाली की यंदा सीईटी देत नाही.

तुमचे प्रश्न तीन: सही करू का, त्याला वर्ष सोडू देऊ का, आणि "धाकटा भावाच्या नादानं वाया चाललाय, त्याला कसा आवरू?"

मी तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. गणेशोत्सवात दोन मंडळांचे कार्यक्रम धाकट्यानं ठरवले. लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर पोलीस ठाण्यात तो गेला. साउंडवाल्याशी घासाघीस त्यानंच केली. कोणाला किती पैसे दिले, टेम्पोला किती गेले, ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवतो. एका कॉलेजनं मानधन थकवलं, तर तीन आठवडे नेटानं मागे लागून ते वसूल केलं. ताई, याला वाया जाणं म्हणत नाहीत. पस्तिशीतल्या माणसांनाही थकलेले पैसे संबंध न बिघडवता मागता येत नाहीत.

आता त्या मालिकेबद्दल. ती 2004 ते 2007 या काळात निकलोडियन या वाहिनीवर चालली. गोष्ट कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोची. ड्रेक आणि जॉश हे सावत्र भाऊ, एक बेफिकीर गिटारवाला आणि दुसरा अभ्यासू, धांदरट. 2007 साली आलेल्या एका मोठ्या भागात जॉश ड्रेकचा मॅनेजर होतो. एका रेकॉर्ड कंपनीशी करार होतो, गाणं बड्या जाहिरातीसाठी निवडलं जातं, आणि मग कंपनी त्या गाण्याचा असा काही चेहरामोहरा बदलते की ड्रेकला ते ऐकवत नाही. तक्रार करायला जावं, तर करारात तशी मुभा दिलेली. जॉशनं ती न वाचताच मान्य केलेली! पुढे जॉश गुपचूप मूळ गाणं पाठवून देतो, तेच लोकांना आवडतं आणि सगळं गोड होतं. विनोदी मालिकेत असं चालतं. खऱ्या आयुष्यात या अदलाबदलीबद्दल जॉशवर दावा लागला असता.

तुमच्या धाकट्यानं या भागातून व्हिजिटिंग कार्ड घेतलं. त्यानं घ्यायला हवं होतं ते करारातलं ते न वाचलेलं कलम, आणि नेमकं तसंच कलम तुम्ही पाठवलेल्या प्रतीच्या चौथ्या पानावर आहे: कंपनी गाण्यात "कोणताही बदल, कधीही" करू शकेल. शिवाय हक्क "संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी" आणि प्रसिद्धीखर्चाचे 40 हजार रुपये तुम्ही भरायचे.

त्यामुळे सहीचं उत्तर सरळ आहे: आत्ता नाही.

एक तर दोन्ही मुलं अज्ञान आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत 18 पूर्ण न झालेली. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार त्यांना करार करता येत नाही, आणि अज्ञानाशी केलेला करार मुळातूनच रद्दबातल असतो, हे 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. धाकट्यानं सीए फाउंडेशनचं व्यापारी कायद्याचं पुस्तक उघडलं तर हा खटला त्याला पहिल्या काही प्रकरणांतच भेटेल. मग आईनं सही केली की झालं, असं कंपनी म्हणेल. तेही तितकं सोपं नाही. मुंबई उच्च न्यायालयात राजराणी विरुद्ध प्रेम अदीब असा एक जुना खटला झाला होता. अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीनं वडिलांनी सिनेमाच्या कामाचा करार केला होता. काम हातचं गेल्यावर भरपाई मागितली, तर न्यायालयानं करारच ग्राह्य धरला नाही. म्हणजे मुलांना संरक्षण मिळेलच असं नाही, आणि 40 हजारांची जबाबदारी मात्र तुम्ही तुमच्या नावानं अंगावर घ्याल. थोरला मे महिन्यात 18 पूर्ण करतोय असं तुम्हीच लिहिलंय. मग घाई कुणाला आहे? ज्याला खरंच गाणी हवी आहेत तो मेपर्यंत थांबतो.

दुसरं, मुलांकडे काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलावंत म्हणून आणखी वेगळा. 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. तेव्हापासून ध्वनिमुद्रित गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा करारानं सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे हक्कांचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकतो. गीतकार-संगीतकारांची अशी संस्था म्हणजे आयपीआरएस, 1969 पासूनची. आणि गाण्याची मोडतोड होऊन कर्त्याच्या लौकिकाला बाधा आली, तर कलम 57 खाली त्याला दाद मागता येते, हक्क विकले असले तरी. जॉशला असं कलम माहीत असतं तर निदान भांडायला काहीतरी हाती असतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणूनच कंपन्या "कायमस्वरूपी" हा शब्द न विसरता घालतात. मी वकील नाही. मे महिन्यात सही करायची वेळ आली, तर कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला ही नऊ पानं दाखवा. त्यांची फी त्या 40 हजारांपेक्षा कितीतरी कमी पडेल.

आता थोरल्याचं वर्ष. तुम्ही पाठवलेल्या लिंकवर त्याची दोन गाणी ऐकली. शब्द चांगले आहेत, पावसाचं गाणं तर फारच. आवाज अजून कच्चा वाटला, आणि 17 व्या वर्षी तो कच्चाच असायचा. पण सीईटी सोडण्याचं कारण मला गाण्यांत सापडलं नाही. त्याला सांगा, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत ध्वनिमुद्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी पदवीबरोबर बारावीला फिजिक्स असावं लागतं. जो विषय तो टाकून द्यायला निघालाय तोच संगीताच्या एका पक्क्या वाटेवर विचारला जातो. संगीतच शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, चेन्नईला ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे. पदवी घ्यायची तर बारावी पास व्हावंच लागतं. परीक्षा संपेपर्यंत कार्यक्रम बंद, पण गिटार कपाटावर ठेवू नका. रोज तासभर वाजवू दे. वाद्य काढून घेतलं म्हणून अभ्यास वाढलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही.

धाकट्यासाठी मात्र रस्ते जास्त आहेत, आणि त्याच्याशी हे कुणी बोललेलंच दिसत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो. राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएच-सीईटी लॉ, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. कलाकारांचे करार समजणारी, त्यांच्या बाजूनं बसणारी मराठी माणसं या धंद्यात हवीच आहेत. कायदा नको असेल तर कंपनी सेक्रेटरी, किंवा बीकॉम करून मीडिया मॅनेजमेंट. त्याला मी एवढंच विचारीन: कार्यक्रम सुरू असताना तुला स्टेजकडे बघायला आवडतं की गर्दीकडे? पहिलं असेल तर कलाकारांचं व्यवस्थापन, दुसरं असेल तर इव्हेंट.

भावाभावांनी एकत्र धंदा करावा का, ही तुमची भीती मी टाळत नाही. अजय-अतुल आपल्यासमोर आहेत. जतिन-ललित 2006 मध्ये वेगळे झाले, तेही आपण पाहिलं. अमेरिकेतल्या एव्हरली बंधू या गायक जोडीचं तर 1973 मध्ये भर कार्यक्रमात फाटलं आणि पुढची दहा वर्षं ते एकत्र गायले नाहीत. तेव्हा रविवारी चौघांना बसवा आणि साध्या कागदावर लिहून घ्या: कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, मानधनाचे वाटे कसे, धाकट्याला किती टक्के, आणि कुणी बँड सोडला तर गाणी कुणाकडे. वयामुळे त्या कागदाला न्यायालयात फारसं वजन नसेल, पण मोठेपणी "माझी चाल होती" असं भांडण निघालं तर तारीख घातलेला तो कागद उपयोगी पडेल. धाकट्याला आठवड्याचा खर्च म्हणून नव्हे, कामाचे पैसे म्हणून त्याचा हिस्सा मिळू दे. आणि वडिलांनाही त्या बैठकीला बोलवा. सतार-तंबोऱ्यांवर त्यांना जे म्हणायचंय तेही पोरांना ऐकू दे.

कंपनीला उत्तर धाकट्यानं लिहावं, तुम्ही वाचून तुमच्या ईमेलवरून पाठवावं. मसुदा देते: "आपला प्रस्ताव मिळाला. दोन्ही मुलं सध्या अज्ञान असल्यामुळे जूनपूर्वी कोणताही करार करता येणार नाही. तोपर्यंत कृपया तीन गोष्टी लेखी कळवा: हक्कांची मुदत किती, गाण्यात बदल करताना गीतकाराची संमती कशी घेणार, आणि प्रसिद्धीखर्च कलाकारानं का भरावा."

उत्तर आलं तर मला पाठवा. नाही आलं, तर 40 हजार वाचले.