प्रॅक्टिस सांभाळून मनोविश्लेषणाचे शिक्षण

प्रश्न : मी लातूरमध्ये नऊ वर्षांपासून मानसोपचाराचे काम करते. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर उपचारासाठी येणाऱ्या एका महिलेशी बोलताना मला अनावर झोप येते आणि नंतर अपराधी वाटते. मनोविश्लेषणावरील वाचन सुरू केले आहे. त्याच्या पुढील शिक्षणासाठी प्रॅक्टिस सोडावी लागेल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : प्रॅक्टिस सोडू नये, कारण आपल्याला पडलेला प्रश्नच या शिक्षणाचा गाभा आहे. उपचारकाच्या मनात उमटणाऱ्या अशा प्रतिसादाला काउंटरट्रान्सफरन्स म्हणतात. मनोविश्लेषणाचे, म्हणजे अबोध मनाचा शोध घेणाऱ्या उपचारपद्धतीचे, जनक फ्रॉइड यांनी त्याकडे मुख्यतः अडथळा म्हणून पाहिले. मनोविश्लेषक पॉला हायमान यांनी मात्र १९५० मध्ये मांडले की, हाच प्रतिसाद रुग्णाच्या अबोध मनापर्यंत पोचण्याचे साधन ठरू शकतो. आपली झोप त्या महिलेच्या गोठून गेलेल्या दुःखाशी निगडित असेल, किंवा आपल्याच एखाद्या जुन्या दुःखाशीही. या दोहोंतला फरक केवळ वाचनाने कळत नाही. म्हणूनच १९२० च्या दशकात बर्लिनमध्ये रूढ झालेल्या प्रशिक्षणपद्धतीत सिद्धांताच्या अभ्यासाबरोबर उपचारकाचे स्वतःचे विश्लेषण आणि सुपरव्हिजन, म्हणजे रुग्णकामावर अनुभवी विश्लेषकाचे मार्गदर्शन, ही अंगे आली, आणि ती आजही टिकून आहेत.

आपण सुरुवात सुपरव्हिजनपासून करावी, असे मला मनापासून वाटते. दर आठवड्याला एकाच रुग्णाच्या एका सेशनचे, आठवेल तितके शब्दशः टिपण काढावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळून अनुभवी विश्लेषकापुढे, ऑनलाइन का होईना, ठेवावे. टिपण रुग्णाच्याच बोलीत असावे, याबाबत मी आग्रही आहे. ‘जिवाला घोर लागलाय’ हे वाक्य ‘अँग्झायटी’ असे नोंदवले की तो घोर कोणाचा, हा प्रश्नच पुसला जातो. आणि पतीमागे मुलांना व कर्जाला तोंड देणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत विचारायचे असते ते नेमके हेच.

पूर्ण मनोविश्लेषक होण्याचे प्रशिक्षण ही वेगळी, अनेक वर्षांची वाट आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेपासून ती आपल्याकडे सुरू झाली. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाने ती पदवी मिळत नाही, त्यामुळे प्रवेशापूर्वी प्रमाणपत्राचे नेमके स्वरूप लेखी विचारून घ्यावे. त्या महिलेच्या सेशनमध्ये झोप नेमकी कोणत्या वाक्यानंतर येते, हे मात्र पुढच्या भेटीपासूनच टिपायला लागावे. सुपरव्हिजनच्या पहिल्या बैठकीला तेवढी सामग्री पुरेल.