मेव्हण्याच्या खात्यावर पैसे पाठवून जर्मनीत कंपनी काढू का?

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो, मी आणि भाऊ पार्टनर. जर्मनीतलं गिऱ्हाईक म्हणतंय माल जर्मनीतच स्टॉकमध्ये मिळाला तर ऑर्डर वाढवू. मेव्हणा ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे, त्याच्या खात्यावर पैसे टाकून त्याच्याच नावावर कंपनी काढली तर चालेल का? आमच्यासारख्यांना कोण मदत करतं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही, मेव्हण्याच्या खात्यावरून अजिबात नको. माणूस कितीही भरवशाचा असला तरी कागदावर ती कंपनी त्याचीच राहणार, तुमची नाही, आणि फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, चौकशीत तुम्ही दोघं भाऊ अडकाल ते वेगळंच.

सरळ रस्ता आहे आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. परदेशात गुंतवणुकीच्या ऑगस्ट 2022 च्या नियमांनुसार फर्म ऑडिट झालेल्या नेटवर्थच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या स्वतःच्या भांडवलाच्या) 400 टक्क्यांपर्यंत बाहेर गुंतवू शकते, बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेची आधी परवानगीही लागत नाही, तुमच्या बँकेच्या फॉरेक्स शाखेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज) भरायचा, युआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख नंबर घ्यायचा आणि मगच पैसे पाठवायचे. पण तुमची पार्टनरशिप रजिस्टर्ड आहे का ते आजच बघा, कारण आपल्याकडे कितीतरी फर्म नुसत्या डीडवर वर्षानुवर्षं चालतात आणि अशा फर्मला ही सवलतच नाही. नसेल तर सीएला सांगून आधी ते उरकून घ्या.

जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिकडची प्रायव्हेट लिमिटेड, काढायची तर भांडवल किमान 25,000 युरो, त्यातले 12,500 रजिस्ट्रेशनआधी भरावे लागतात. हे पैसे अडकून पडत नाहीत, नंतर धंद्यात वापरता येतात, भाडं द्या, माल घ्या.

तरी माझं मत विचाराल तर लगेच कंपनी काढू नका. आधी तिकडच्या लॉजिस्टिक्सवाल्याच्या गोदामात जागा भाड्यानं घ्या, बँकेशी बोलून रीतसर, जर्मन व्हॅट नंबर काढून, आणि वर्षभर माल खरंच उचलला जातोय का बघा. गिऱ्हाईक तोंडी खूप काही बोलतं, महिन्याला किती नग उचलणार ते लेखी घ्या.

मदतीचं म्हणाल तर इंडो-जर्मन चेंबर या व्यापारी संघटनेचं पुण्यात ऑफिस आहे, तिथं जाऊन समोर बसून बोला. पुढं कंपनी काढलीतच तर भांडवलासाठी सरकारी एक्झिम बँक कर्ज देते, आणि युद्ध, सरकारजमा होणं, पैसे परत आणायला बंदी असल्या जोखमींसाठी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा आहे. ईसीजीसी तुम्हाला एक्स्पोर्टमुळं माहीत असेलच, पण गुंतवणुकीचाही विमा देते हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आणि कंपनी झाल्यावर दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर रिटर्न, म्हणजे परदेशातल्या कंपनीचा वार्षिक अहवाल, भरायचा, तिकडं काही धंदा झाला नसला तरी. तो राहिला की लेट फी तर बसतेच, वर पुढचे पैसे पाठवणंही थांबतं, मग तिकडचं भाडं थकतं.