चित्रपट पाहावा कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

चित्रपट घरी पाहावा की चित्रपटगृहात जाऊन, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पुढच्या तिन्ही पत्रांतील शंकांचे मूळ त्या उत्तरात असल्यामुळे ते तसेच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे ५५ इंची टीव्ही आहे आणि नवे चित्रपट थोड्याच आठवड्यांत ओटीटीवर येतात. मला अजूनही चित्रपटगृहात जावेसे वाटते, पण मुले म्हणतात की घरचे चित्र उलट अधिक स्वच्छ दिसते, मग बाहेर कशाला जायचे? चित्रपटगृहात खरोखर काही वेगळे मिळते का, की हा केवळ माझ्या पिढीचा हळवेपणा आहे?

उत्तर : मुलांचे म्हणणे आधी मान्य करायला हवे, कारण निव्वळ आकडे पाहिले तर ते बरेचसे बरोबर आहे. डिजिटल चित्रपटगृहांसाठी ठरलेल्या मानकानुसार पडद्यावरच्या पांढऱ्या रंगाची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कँडेला (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) असावी लागते. घरातला चांगला टीव्ही याच्या कितीतरी पट प्रकाश देतो आणि उत्तम प्रतीचे संच तर १,००० कँडेलाच्याही पुढे जातात. अनेक चित्रपटगृहांतले प्रोजेक्टर आजही २०४८ × १०८० बिंदूंचे चित्र दाखवतात, तर ४के टीव्हीवर ३८४० × २१६० बिंदू असतात. ओएलईडी टीव्हीवर काळ्या जागेतला बिंदू पूर्णपणे विझलेला असतो, त्यामुळे तेथला काळा रंग जितका गडद दिसतो तितका प्रोजेक्टरला साधत नाही. तेव्हा स्वच्छतेच्या मुद्द्यावर आपण मुलांशी वाद घालू नये.

मात्र याच तांत्रिक हिशेबाची दुसरी बाजूही त्यांना जरूर सांगावी. चित्रपटगृहाकडे येणाऱ्या डिजिटल प्रतीत प्रत्येक चौकट (फ्रेम) स्वतंत्रपणे साठवलेली असते आणि त्यासाठी दर सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत माहिती वापरता येते. ओटीटीवरचा ४के चित्रपट साधारण १५ ते २५ मेगाबिटांत बसवावा लागतो, आणि ते साधण्यासाठी दोन चौकटींमध्ये जेवढा फरक पडला तेवढाच मुख्यतः पाठवला जातो. चेहरा जवळून दिसत असताना हे लक्षात येत नाही, पण धुके, धूर, पाऊस किंवा अंधाऱ्या खोलीतली भिंत आली की छटांच्या ऐवजी पट्टे आणि चौकोन दिसू लागतात. अंधार आणि धुके नेमके अशाच प्रसंगी वापरले जातात, जेथे दिग्दर्शकाला आपल्याला काहीतरी अस्पष्ट दाखवायचे असते. तेथे चित्र फाटले तर प्रसंगच फाटतो.

आकाराबद्दलही एक गोष्ट मोजून पाहण्यासारखी आहे. आपल्या टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर असेल. तीन मीटरवर बसल्यास ते चित्र आपल्या नजरेचा जेमतेम २३ अंशांचा कोन व्यापते, तर चित्रपटगृहाच्या मधल्या रांगांत हा कोन ४० अंशांच्या आसपास असतो. शिवाय २.३९ : १ या रुंद प्रमाणात चित्रित झालेला चित्रपट १६ : ९ च्या टीव्हीवर लावला की पडद्याचा सुमारे चौथा भाग वरखाली काळाच राहतो. म्हणजे ज्या चित्रपटांचा विस्तार सर्वांत मोठा, तेच घरी सर्वांत लहान होतात. असे चित्रपट घरीच पाहायचे ठरले तर खुर्ची दोन मीटरच्या आत ओढावी; त्याने बराच फरक पडतो.

तरीही माझ्या मते चित्रपटगृहाचे मोठेपण यापैकी कशातही नाही. तेथे चित्रपटाचा वेग आपल्या हाती नसतो, हे त्याचे खरे मोठेपण आहे. संकलक एखादे दृश्य किती सेकंद टिकवायचे याचा विचार दिवसेंदिवस करतो. एखादी व्यक्ती दाराशी उभी आहे, आत जावे की न जावे हे तिला ठरवता येत नाही, आणि ती काही न बोलता तशीच पन्नास सेकंद उभी राहते. हे पन्नास सेकंद पाहणाऱ्याला थोडे जड जावेत, अशीच त्यांची योजना असते. घरी मात्र बाराव्या सेकंदाला हात फोनकडे जातो, विसाव्याला कोणीतरी काही विचारते, आणि तिसाव्याला कोणी दृश्य पुढे ढकलते. कथा कळते, प्रसंगही कळतात, पण ज्या ताणासाठी ते दृश्य रचले होते तो ताण आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. संवाद फोनकडे पाहत असतानाही कानावर पडतात. शांततेचे तसे नसते, आणि म्हणून घरच्या पाहण्यात सर्वांत आधी शांतताच बळी पडते.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. एक जुना, संथ चित्रपट मी घरी तीन रात्री थोडा थोडा करून पाहिला होता आणि तो अकारण लांबवला आहे असे माझे ठाम मत झाले होते. पुढे काही वर्षांनी तोच चित्रपट एका सभागृहात सलग पाहण्याची संधी मिळाली. अर्ध्या तासानंतर मला जाणवले की या चित्रपटातले एकही दृश्य कमी करता येणार नाही. ज्याला मी लांबण समजत होतो ती त्या चित्रपटातल्या माणसांची वाट पाहण्याची स्थिती होती, आणि ती कळायला मला स्वतःला वाट पाहावी लागणार होती. चित्रपट तोच होता, पण पहिल्या वेळी मी त्याला त्याचा वेळच दिला नव्हता.

राहिला सोबतीचा प्रश्न. एकट्याने पाहायचे की समुदायात, हा वाद टीव्हीच्या जन्माआधीचा आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एडिसनच्या कारखान्यात तयार झालेले किनेटोस्कोप हे यंत्र १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यात वाकून एका भिंगातून एका वेळी एकाच माणसाला हलते चित्र पाहता येत असे. त्यानंतर २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्राँ कॅफेच्या तळघरात तिकीट लावून सर्वांना एकत्र, पडद्यावर चित्रे दाखवली. त्या दहा चित्रफितींपैकी एकही पुरती मिनिटभराची नव्हती, आणि तरीही एकट्याने पाहायची ती पेटी काही वर्षांत मागे पडली व पडदा टिकला. एका पेटीपेक्षा एका पडद्यासमोर अधिक तिकिटे खपतात हे व्यावहारिक कारण त्यामागे होतेच, पण लोकांना एकत्र पाहणे आवडले नसते तर तो व्यवहारही चालला नसता.

हसण्यापुरते तर हे तपासलेही गेले आहे. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकी अभ्यासकाने केलेल्या नोंदींत असे आढळले की, टीव्ही, पुस्तक असे समोर काही नसताना एकटा असलेला माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे तीस पट तो चारचौघांत हसतो. आपण विनोदाला जेवढे हसतो तेवढेच शेजारच्याच्या हसण्यालाही हसतो, असा त्याचा अर्थ मी घेतो. विनोदी चित्रपटांत हसण्यासाठी जागा सोडलेल्या असतात, म्हणजे पुढचा संवाद हशा ओसरेपर्यंत थांबलेला असतो. घरी एकट्याने पाहताना त्या जागा रिकाम्या राहतात आणि चित्रपट विनाकारण रेंगाळल्यासारखा वाटतो. भयपटांच्या बाबतीतही असेच घडते. सभागृहातील सगळे एकाच क्षणी श्वास रोखतात तेव्हा ती भीती घरच्या भीतीपेक्षा निराळी असते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर असे देतो : हा आपल्या पिढीचा हळवेपणा नाही. जो चित्रपट आपल्याला मनापासून पाहायचा आहे तो पहिल्यांदा चित्रपटगृहात पाहावा आणि दुसऱ्यांदा घरी. जो केवळ वेळ घालवण्यासाठी पाहायचा आहे त्याच्यासाठी बाहेर पडण्याची गरज नाही, आणि तसे सांगताना मला कोणत्याही चित्रपटाचा अपमान केल्यासारखे वाटत नाही.

प्रश्न : घरी चित्रपट पाहताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच संगीत किंवा मारामारी सुरू होऊन घर दणाणते. रिमोट हातातून सोडता येत नाही. दोष टीव्हीचा आहे की आमच्या कानांचा?

उत्तर : कान बहुधा ठीक असावेत. चित्रपटाचा आवाज मोठ्या सभागृहाचा विचार करून मिसळलेला असतो. तेथे पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि संवादांसाठीचा मधला ध्वनिवर्धक थेट पडद्यामागे असतो, त्यामुळे शब्द बोलणाऱ्याच्या तोंडूनच आल्यासारखे ऐकू येतात. कुजबुज आणि स्फोट यांच्यातले अंतरही मुद्दाम मोठे ठेवलेले असते. टीव्ही पातळ होत गेले तसे त्यांचे स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागे वळली. संवादांचा स्वतंत्र मार्ग संगीताबरोबर त्याच दोन लहान स्पीकरांतून बाहेर पडू लागला, आणि संवाद त्यात बुडतात.

उपाय साधे आहेत. ओटीटीच्या ध्वनीच्या पर्यायांत ५.१ (म्हणजे अनेक वेगळ्या स्पीकरांसाठीचा ध्वनी) निवडलेले असेल आणि आपल्याकडे वेगळे स्पीकर नसतील, तर स्टिरिओ निवडून पाहावे. टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय असल्यास तो सुरू करावा. त्याने मोठे आणि लहान आवाज एकमेकांच्या जवळ येतात. खर्च करायचाच असेल तर मधला स्वतंत्र मार्ग असलेला साउंडबार घ्यावा. घरच्या पाहण्यात मोठ्या टीव्हीपेक्षा चांगल्या आवाजावर केलेला खर्च अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे.

सेटिंगमध्ये गेलाच आहात तर आणखी एक गोष्ट करावी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, पण बरेच टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करतात आणि मग चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ही सोय बंद करावी. काही संचांत यासाठी ‘फिल्ममेकर मोड’ हा एकच पर्याय असतो. २०१९ मध्ये तो जाहीर झाला तोच दिग्दर्शकांच्या याच तक्रारीतून.

प्रश्न : मला ऐकू कमी येते आणि गुडघ्यांमुळे फार वेळ एका जागी बसवत नाही. मी सर्व चित्रपट घरीच, अक्षरे लावून, थांबत थांबत पाहतो. चित्रपटगृहाची थोरवी वाचली की आपण काहीतरी उणे पाहत आहोत असे वाटून वाईट वाटते.

उत्तर : कृपया तसे वाटून घेऊ नये. वर मी थांबण्याविरुद्ध जे लिहिले ते लक्ष उडाल्यामुळे थांबणाऱ्यांविषयी आहे. आपण संवाद नीट कळावा म्हणून थांबता आणि शरीराला विसावा देऊन पुन्हा त्याच जागी परत येता. यात चित्रपटाचा अनादर नाही. पडद्यावरची अक्षरे, दृष्टिहीनांसाठी दृश्याचे वर्णन करणारा ध्वनिमार्ग, आवाज आपल्या कानांना सोसेल इतका ठेवण्याची मुभा, या सोयी घरी जितक्या सहज मिळतात तितक्या बहुतेक चित्रपटगृहांत मिळत नाहीत, आणि हा चित्रपटगृहांचा उणेपणा आहे. ज्यांना पूर्वी चित्रपट पाहताच येत नव्हते अशा कित्येकांपर्यंत घरच्या पडद्यामुळे ते पोहोचले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एवढेच सुचवतो की, खोलीतले दिवे मालवावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि विसावा घ्यायचा तो प्रसंग संपल्यावर घ्यावा.

प्रश्न : आपण सांगता ते पटते, पण मागच्या खेपेला आम्ही चित्रपटगृहात गेलो तेव्हा चित्र इतके अंधारे होते की रात्रीचे प्रसंग कळेचनात. आजूबाजूला सतत फोन उजळत होते. पैसे देऊन हे का सोसावे?

उत्तर : सोसू नये. वाईट चालवलेल्या चित्रपटगृहापेक्षा चांगले जमवलेले घर केव्हाही बरे. चित्र अंधारे दिसण्याची दोन कारणे नेहमी आढळतात. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा जसजसा जुना होतो तसतसा मंदावतो, आणि तो वेळेवर बदलला नाही तर ठरलेली ४८ कँडेलाची पातळी राहत नाही. दुसरे कारण त्रिमिती चष्म्याचे. त्यातून प्रकाशाचा फार मोठा भाग गाळला जातो. म्हणून तोच चित्रपट साध्या स्वरूपात उपलब्ध असेल तर तो निवडावा, विशेषतः त्यात रात्रीचे प्रसंग अधिक असतील तेव्हा. चित्र अंधारे किंवा अस्पष्ट दिसले तर शेवटपर्यंत गप्प बसून मग घरी तक्रार करण्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांतच उठून व्यवस्थापकाला सांगावे. प्रोजेक्टर आता बहुतांशी आपोआप चालतात आणि प्रत्येक खेळाला तेथे कोणी पाहत बसलेले असतेच असे नाही, त्यामुळे कोणी सांगेपर्यंत बिघाड तसाच राहू शकतो.

फोनबाबत मी कठोर आहे. अंधाऱ्या सभागृहात एक उजळलेला फोन मागच्या सर्व रांगांची नजर ओढून घेतो, आणि शेजाऱ्याला सौम्य शब्दांत तो ठेवायला सांगण्यात कोणताही उद्धटपणा नाही. गर्दीचा त्रास फारच होत असेल तर पहिल्या दोनतीन दिवसांचे खेळ टाळावेत. आठवडाभराने, कामाच्या दिवशी, दुपारच्या खेळाला येणारे प्रेक्षक थोडे असतात आणि बहुधा चित्रपटासाठीच आलेले असतात. जागा निवडताना पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचा सुमारे दोनतृतीयांश भाग सोडून मधली खुर्ची घ्यावी. सभागृहाचा आवाज साधारण त्याच जागेवरून जुळवलेला असतो. चित्राने नजर अधिक व्यापावी असे वाटत असेल तर तेथून दोनतीन रांगा पुढे सरकावे, त्याहून पुढे मात्र जाऊ नये, कारण मग चित्राच्या दोन्ही कडा एकाच वेळी दिसत नाहीत आणि मान अवघडते.