टायर पंक्चर झाला तो बाबांमुळे?

ताई, आम्ही एसटीने कोल्हापूरला निघालो होतो. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ७. अर्धं तिकीट बारापर्यंतच, पण यांनी कंडक्टरला मुलाचं वय अकरा सांगितलं. मुलगी मोठ्याने म्हणाली, "दादा तेराचा आहे!" सगळी बस हसली, पूर्ण तिकीट काढावं लागलं. पुढे कराडजवळ टायर पंक्चर झाला. तेव्हापासून ती म्हणते, बाबा खोटं बोलले म्हणून झाला. घरी आल्यावर यांनी तिला "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही" म्हणून झापलं. सासूबाई तिला चोंबडी म्हणतात. मुलगा मात्र म्हणतो, "सगळेच करतात, त्यात काय?" मला त्याचीच जास्त काळजी वाटते. दोघांना काय सांगू?
– एक आई, सातारा

आधी मुलीचं बघू, कारण ओरडा तिने खाल्लाय.

टायरचं ऐकून तुम्ही हसला असाल. पण त्या वयात असंच वाटतं. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना एक गोष्ट सांगितली होती, १९३२च्या त्याच्या पुस्तकात ती आहे. दोघं सफरचंदं चोरतात. एक सापडतो, दुसरा पळतो आणि वाटेतला पूल मोडून पाण्यात पडतो. चोरी केली नसती तर पूल मोडला असता का? सहा-सात वर्षांच्या बहुतेकांनी सांगितलं, नसता मोडला. मोठी मुलं म्हणाली, पूलच कुजका होता.

लहान मुलाला नियम माणसांनी केलाय असं वाटत नाही. तो असतोच, आणि मोडला की शिक्षा आपोआप येते. त्यात आपण दिवसभर "देव बघतोय हं" म्हणत असतो. तेव्हा बाबांना आता आणखी काय होणार, ही धास्ती तिच्या मनात आहे का, ते विचारा. खिळा घुसला की खरं बोलणाऱ्यांच्या गाडीचाही टायर बसतो, हे सांगा. आणि ती बरोबर होती, हेही सांगा. खरं बोलायचं तुम्हीच शिकवलंत, तिने ते केलं, आणि बोलणी खाल्ली. यातून ती "खोटं बोलू नये" हे शिकत नाही, "बाबांसमोर गप्प बसावं" हे शिकते.

आता मुलगा. तो बिघडला, असं मला अजिबात वाटत नाही. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात शिकागोत १० ते १६ वयाच्या ७२ मुलग्यांना एक पेच घातला: बायको मरणाच्या दारात, औषधवाला अव्वाच्या सव्वा पैसे मागतोय, नवऱ्याने औषध चोरावं का? हो की नाही, याला कोलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हतं. का, ते तो ऐकत होता. लहान म्हणत, तुरुंगात जाईल. पुढे येतं, चार लोक काय म्हणतील, कायद्याचं काय. कायदा आणि जीव यांत काय मोठं, ते स्वतः तोलून ठरवणारे मोठ्या माणसांतही थोडेच निघतात. तुमचा मुलगा 'चार लोकांपाशी' आहे, वयाला धरूनच. तुमचे यजमान त्या वेळी, माफ करा, 'पकडलं नाही म्हणजे झालं' या पहिल्या पायरीवर होते. तेही एका अर्ध्या तिकिटासाठी. बायकांना २०२३पासून अर्धंच भाडं आहे, म्हणजे तुमचे पैसे आधीच वाचले होते!

कोलबर्गने फक्त मुलग्यांवरून हे कसं ठरवलं, असा आक्षेप कॅरल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२मध्ये घेतला. कुणाला लागेल, कुणाचं नातं तुटेल, यावरूनही माणसं बरं-वाईट ठरवतात, हे त्यांचं म्हणणं मला तुमच्या मुलाबाबत जास्त पटतं. भरल्या बसमध्ये बाप तोंडघशी पडला. "सगळेच करतात" म्हणून तो बापाला सावरत असेल. त्याला व्याख्यान देऊ नका. दोघंच असताना विचारा, "बाबांचं खपलं असतं आणि तपासनीस चढला असता, तर कंडक्टरचं काय झालं असतं?" मग गप्प बसून ऐका.

तुम्हीही बसमध्ये गप्प होतात ना? पत्रात ते लिहिलं नाहीत. मुलांनी ते पाहिलंय.

"मी खोटं बोललो, ती खरं बोलली" हे यजमानांनी स्वतः, मुलासमोर, मुलीला सांगायला हवं. त्यांच्या वतीने तुम्ही नको. ते तयार नसतील तर ताणू नका, पण मुलीला तुमचं म्हणणं आजच सांगा.

सासूबाईंशी वाद नको. 'चोंबडी' हा शब्द मात्र मुलीसमोर पुन्हा निघायला नको, आणि ते त्यांना सांगायचं काम तुमच्या यजमानांचं. आई त्यांची आहे.