केमोथेरपी सुरू झालेल्या मुलाच्या आईस

ताई, मुलाच्या खाण्याची तुमची काळजी रास्त आहे, पण सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा. केवळ वजनकाट्यावर विसंबू नका, कारण स्टेरॉइडमुळे आलेली सूज किंवा पोटातली मोठी गाठ वजन फुगवून दाखवते आणि आतली झीज झाकली जाते. म्हणून प्रत्येक भेटीत दंडाचा घेर मोजून घ्या व तारखेसह वहीत लिहा.

तोंड आलेले असताना आपली सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बाजूलाच ठेवा. त्याऐवजी ताजी ज्वारीची भाकरी उकळलेल्या दुधात कुस्करून, कोमट झाल्यावर द्या, किंवा मुगाच्या आसट खिचडीवर सढळ हाताने तूप सोडा. दर दोन तासांनी थोडे थोडे भरवा. मूल दोनच घास जेवले तरी जबरदस्ती नको, कारण त्या पदार्थाचीच त्याला शिसारी बसते.

नवखे पालक बहुधा दोन ठिकाणी चुकतात: कोणी सुचवलेली चूर्णे आणि काढे डॉक्टरांना न विचारता देतात, आणि पोटात अन्न पोहोचवण्यासाठी नाकातून नळी घालायला सांगितले की हार मानल्यासारखे वाटून टाळाटाळ करतात. त्या नळीमुळे उपचार सोसण्याची ताकद टिकते, हे मी मनापासून सांगते. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना गाड्यावरचे पदार्थ आणि कापून ठेवलेली फळे कटाक्षाने टाळा. प्रथिनांचा हिशेब तूर्त आहारतज्ज्ञांवर सोपवा.